वडिलांना संडासवाटे रक्त जातंय, नाशिकमध्ये मूळव्याधीचा चांगला डॉक्टर सांगा

पाथर्डीफाटा: परवापासून वडिलांना संडासला रक्त पडतंय. मूळव्याधच आहे, आधीपण झाली होती. मेडिकलवाल्याने मलम दिलं, काही फरक नाही. कॉलेज रोड, गंगापूर रोडकडे लेझरवाला कोणी चांगला असेल तर नाव टाका, सोमवारची अपॉइंटमेंट घेतो म्हणजे विषय संपला. गुगल करा म्हणू नका, ते करून झालंय.

रस्सा_एक्स्ट्रा: काकांनी रविवारी मिसळ हाणली होती का? काळ्या मसाल्याची असेल तर दुसऱ्या दिवशी आमच्याकडे सगळेच रडतात 😄

सुरणकंद: लेझर-बिझरच्या नादी लागू नका. माझी १२ वर्षांची मूळव्याध सुरण आणि ताकाने गेली. आयुर्वेदात सुरणाला अर्शोघ्न म्हणजे मूळव्याध घालवणारा म्हणतात, नावातच औषध आहे. नाहीतर सरळ क्षारसूत्र करा, औषधी दोरा बांधतात ते.

वॉर्डातली_ताई: क्षारसूत्र जास्त करून भगंदराला करतात हो. आणि मूळव्याधच आहे हे कोणी तपासून सांगितलंय? वय किती, दुखतं का, रक्त लाल की काळं, गोळ्या कुठल्या चालू आहेत? काचेने चिरल्यासारखं दुखलं तर फिशर म्हणजे तिथे चीर, न दुखता लाल थेंब पडले तर बहुतेक मूळव्याध, मुरडा येऊन शेम-रक्त पडलं तर आव असू शकते. रक्त शौचात मिसळलेलं असेल, वजन उतरत असेल, तर कोलोनोस्कोपी, म्हणजे मागून कॅमेऱ्याने मोठं आतडं बघणं, करावीच लागते, पॉलिप म्हणजे आतड्यातला कोंब नाहीतर कॅन्सरपण असू शकतो, आणि मूळव्याध आहे म्हणून दुसरं काही नाही असं नसतं.

पाथर्डीफाटा: वय ६४, दुखत नाही. पहिल्या दिवशी लालसर होतं म्हणे. ते सांगायला लाजतात, आईने आज बघितलं तर डांबरासारखं काळं, चिकट, दोनदा फ्लश केलं तरी भांड्याला राहतं, वास तर विचारूच नका. गोळ्या नेहमीच्याच. डॉक्टरचं नाव सांगा ना कोणीतरी.

सुरणकंद: काळं म्हणजे पित्त. ताक द्या.

नवा_बाबा: आयर्नच्या गोळीने पण काळी होते, बायकोला प्रेग्नन्सीत व्हायची, आम्ही उगाच घाबरलेलो.

वॉर्डातली_ताई: आयर्नने होते काळी, पण अशी चिकट नि घाण वासाची नाही. असं डांबरासारखं म्हणजे बहुतेक रक्त वरून, जठरातून नाहीतर लहान आतड्याच्या सुरुवातीतून, पचून खाली आलंय, मलम लावायची ती जागाच नाही. आणि "नेहमीच्या" म्हणजे काय? नावं टाका.

पाथर्डीफाटा: २ वर्षांपूर्वी स्टेंट टाकलाय, त्याची इकोस्प्रिन आणि क्लोपिडोग्रेल. गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅक, ती स्वतःच आणतात, महिनाभर रोज घेतायत. संडासशी काय संबंध म्हणून लिहिलं नाही.

वॉर्डातली_ताई: अहो संबंध तोच आहे! पेनकिलरने जठराला जखम होते आणि स्टेंटच्या त्या दोन गोळ्यांनी पातळ केलेलं रक्त थांबत नाही. सोमवार विसरा, आत्ता निघा, एंडोस्कोपी (तोंडातून कॅमेरा घालून जठर बघतात ती) होते आणि रक्त मिळतं अशा हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत. डायक्लोफिनॅक बंद. स्टेंटवाल्या दोन गोळ्या मात्र मनाने बंद करू नका, हार्टच्या डॉक्टरना विचारा. चक्कर, घाम असेल तर गाडीवर मागे बसवू नका, १०८ लावा. सगळ्या स्ट्रिपा पिशवीत घाला.

सुरणकंद: एवढं घाबरवायची गरज होती का?

वॉर्डातली_ताई: हो.

पाथर्डीफाटा: काल रात्रीच नेलं. हिमोग्लोबिन ७.८ निघालं, दोन पिशव्या रक्त चढवलं. सकाळी एंडोस्कोपीत जठरात अल्सर दिसला, तिथेच क्लिप लावली, एच. पायलोरी म्हणून अल्सर करणारा जंतू असतो, तो तपासायला तुकडा पाठवलाय. कोलोनोस्कोपी पण सांगितलीय, पण नंतर. ताई, काय बोलू. बाबांचं चाललंय मलमाचे ८५ रुपये वाया गेले, ट्यूब अर्धीच वापरली म्हणून परत घेईल का तो.

रस्सा_एक्स्ट्रा: काकांना सांभाळा भो. मिसळ निर्दोष सुटली एवढं नोंदवून ठेवतो.

द्वारका_सर्कल: त्या लेझरवाल्याचं नाव मिळालं का शेवटी? मला हवंय.