युसूफ इद्रीस: कथा आधी की नाटक?

निशाचर७: नगीब महफूझच्या दोनतीन कादंबऱ्या झाल्यात, आता इजिप्तचंच दुसरं कुणीतरी हवंय. युसूफ इद्रीसचं नाव सारखं समोर येतंय, डॉक्टर होता म्हणे आणि नाटकंही लिहायचा. अरबीच्या नावाने बोंब आहे, त्यामुळे इंग्रजी अनुवादावरच भागवायचंय. कुठून सुरू करू?

बोरूबहाद्दर: कथा, डोळे झाकून. १९५४ च्या पहिल्या संग्रहाची शीर्षककथा घे, इंग्रजीत ‘द चीपेस्ट नाइट्स’ म्हणून मिळेल. अब्दुल करीम रात्रीची नमाज आटपून मशिदीतून बाहेर पडतो, पहारेकऱ्याने पाजलेल्या कडक चहाने झोप पार उडालीये, खिशात दमडी नाही, गल्लीत पायात येणाऱ्या पोरांना शिव्या घालत नुसता फिरतो, जायला कुठेच जागा नाही, शेवटी घरी येऊन अंधारात स्वतःचीच पोरं ओलांडत बायकोला उठवतो. काही महिन्यांनी लोक अभिनंदनाला हजर! लोकसंख्येवर एका शब्दाचं भाषण नाही.

काळी_दोन: डॉक्टर होताच, कैरोत कस्र अल ऐनी मेडिकल कॉलेजला शिकला, पुढे आरोग्य निरीक्षकाची नोकरी केली, मग ते सगळं सोडून लिखाण आणि पत्रकारिता. ‘अल हराम’ (१९५९) वाच, छोटी कादंबरी आहे. जमीनदारीवर एक मेलेलं तान्हं बाळ सापडतं, आणि सगळ्यांचा संशय थेट कापसावरची कीड वेचायला आणलेल्या बाहेरगावच्या मजुरांवर. त्यातली अझीझा बाळंतपणानंतर अंगात ताप घेऊन कामावर उभी असते, तो भाग ज्याने असे पेशंट बघितलेत त्यालाच सुचणार. फातेन हमामा या नटीचा सिनेमाही आहे, १९६५ चा.

रंगपीठ: नाटकाला कुणी वालीच नाही का इथे 😀 ‘अल फराफीर’ (१९६४) सोडू नकोस. फरफूर म्हणजे आपल्या तमाशातला सोंगाड्याच, मालकाला पदोपदी उलटं बोलणारा नोकर. मालकाला काम हवं म्हणून कबरी खोदायचं ठरतं, खोदणार अर्थात फरफूर. युरोपची नक्कल बास, खेड्यातल्या ‘सामिर’सारखं, म्हणजे रात्री जमून होणाऱ्या करमणुकीसारखं नाटक करा, बघणारेही त्यात सामील, असं इद्रीसचं म्हणणं होतं आणि त्यावर त्याने लेखही लिहिले. शेवटी दोघं मरतात, अणू होतात, तरी फरफूर हलका म्हणून मालकाभोवती फिरतच राहतो.

बोरूबहाद्दर: शेवट भारी आहे, पण मधे किती ताणलंय ते! वाचताना जीव जातो, स्टेजवर चालत असेल.

रंगपीठ: ते स्टेजसाठीच लिहिलंय रे बाबा.

निशाचर७: मग आधी कथा, मग अल हराम. १९८८ ला नोबेल महफूझला गेलं म्हणून हा चिडला होता ते खरं का?

काळी_दोन: हो, आपल्यालाच मिळायला हवं होतं हे उघड बोलला. १९९१ ला लंडनमध्ये वारला. कथांपुरतं म्हणशील तर मी त्याच्याच बाजूने. ‘हाउस ऑफ फ्लेश’ वाच मग बोल: विधवा आई, तीन मुली, एक आंधळा कुराणपठण करणारा आणि अंगठी मात्र एकच.