मदत हवी आहे : बाबांना प्वारो कोणत्या क्रमाने ऐकवू?

नमस्कार मंडळी. बाबा ७६ वर्षांचे आहेत. डोळ्यांच्या पडद्याच्या त्रासामुळे वाचन बंद झालंय, म्हणून अगाथा ख्रिस्तीच्या रहस्यकथांमधला गुप्तहेर हर्क्यूल प्वारो इंग्रजी ऑडिओबुकवर लावून दिला. ह्यू फ्रेझरचा आवाज त्यांना फार आवडला. प्वारोच्या टीव्ही मालिकेत त्याचा मित्र कॅप्टन हेस्टिंग्ज झालेला तोच हा नट, त्यामुळे गोष्ट आपला जुना मित्रच सांगतोय असं वाटतं म्हणतात.

प्वारोच्या कादंबऱ्या ३३, पहिली १९२० ची आणि शेवटची 'कर्टन' १९७५ ची. 'कर्टन' शेवटीच ऐकवायची, हे ठरलंय. अडचण मधल्यांची आहे. १९३७ च्या 'डम्ब विटनेस'मध्ये प्वारो बोलता बोलता आधीच्या चार कादंबऱ्यांतल्या खुन्यांची नावं घेतो! नशिबाने बाबांनी ती अजून लावली नव्हती. त्या चारपैकी 'रॉजर अ‍ॅक्रॉइड' तर कोऱ्या मनानेच ऐकायला हवी, नाहीतर सगळी मजाच गेली. 'कार्ड्स ऑन द टेबल'मध्येही 'ओरिएंट एक्सप्रेस'च्या उकलीचा उल्लेख येतो.

पुढची गोष्ट आधीचं रहस्य फोडते अशा आणखी कोणत्या जोड्या आहेत? सगळ्या प्रकाशनाच्या क्रमाने लावणं हाच उपाय, की काही मागेपुढे चालतील?

आणखी एक. त्यांना ऐकता ऐकता डोळा लागतो, गोष्ट पुढे जाते आणि जाग येते ती थेट शेवटच्या उलगड्यात. परवा असंच झालं, फार हिरमुसले. स्लीप टायमर लावला, पण पुन्हा मागे जाऊन जागा शोधणं त्यांना दिसत नसल्याने जमत नाही. कमी दिसणाऱ्या घरच्यांसाठी तुम्ही काय केलंत, कृपया सांगा.