बी.एस्सी. कुठे करायची, हे तुमचं कसं ठरलं?

बेदाणा
भाचीची बारावी झाली. तिच्या जातीच्या दाखल्याला आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला लागतो, म्हणून परवा तासगावला माहेरी पत्र्याची पेटी उपसली. दाखला मिळाला. त्याच्या खाली माझं १९९४ सालचं, पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजचं माहितीपत्रक निघालं.

मागच्या कोऱ्या पानावर अण्णांच्या अक्षरात शिसपेन्सिलीनं हिशोब. डावीकडे 'पुणे', उजवीकडे 'सांगली'. सांगलीखाली फी आणि एसटी पास, एवढंच. पुण्याखाली फी, वसतिगृह, खानावळ ४५० × १०, गादी, एप्रन, जाणं-येणं दिवाळी व मे. सगळ्याची बेरीज, आणि बेरजेसमोर 'म्हैस – ७०००'. त्याखाली दोन रेघा.

मला यातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं. पुण्याच्या यादीत माझं नाव लागलं होतं. घरात कुणी बोलेना, अण्णा अंगणात नुसत्या येरझाऱ्या घालायचे. मग मीच म्हटलं, मला सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजलाच जायचंय, मैत्रिणी तिथंच आहेत. मैत्रीण एकही नव्हती. अण्णा म्हणाले, "बघ बाई, तुझं तू ठरव." मी समजले, सुटले बिचारे. आता तो हिशोब बघून कळतंय की त्यांनी म्हैस विकायचं पक्कं करून ठेवलं होतं.

विलिंग्डननं मला काही कमी दिलं नाही. फिजिक्सच्या अंधाऱ्या खोलीत सोडियमच्या पिवळ्या दिव्याखाली न्यूटनच्या रिंगा (उजेडाची-अंधाराची एकात एक वर्तुळं) पहिल्यांदा दिसल्या, तेव्हा तास संपला तरी मी मोजतच बसले होते. सर दिवा न मालवता दारात थांबले.

आता भाची विचारतेय, आत्या, आयसर (केंद्र सरकारची विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था) की पुण्यातलं कॉलेज की इथंच? मला एकटीला उत्तर देववत नाहीये. तुमचं कसं ठरलं ते लिहा.

माटुंगाकर
रुईया. लोकलनं थेट माटुंगा, विषय संपला. आई म्हणाली गाडी बदलावी लागणार नाही ते बघ.
मुंबईत तेव्हा एफवायला (पहिल्या वर्षी) तीन विषय, एसवायला (दुसऱ्या) दोन, टीवायला (तिसऱ्या) एक. प्रत्येक जूनमध्ये एक विषय सोडायचा. मी दुसऱ्या वर्षानंतर गणित सोडलं, ते अजून टोचतं. कॉलेज निवडताना सगळे कट-ऑफ बघतात, पण कुठला विषय कधी सुटणार हे कुणी सांगत नाही. भाचीला ते आधी विचारायला सांगा.

पोळीभाजी
माटुंगा म्हटलं की मला फक्त इडली आठवते. सकाळी सातच्या प्रॅक्टिकलआधी गरम इडली आणि वाफाळती कॉफी!

माटुंगाकर
@पोळीभाजी अगदी. आणि सांबार पुन्हा मागितलं तरी कपाळाला आठी नाही.

तापीकाठ
जळगाव, एम.जे. कॉलेज. मेडिकल थोडक्यात हुकलं. वर्ष वाया नको म्हणून एफवायला नाव घातलं, डोकं सगळं मेडिकलच्या पुढच्या प्रवेश परीक्षेत, सीईटीत. वर्गात निम्मे तसेच होते.
ऑक्टोबरात मॅडमनी ग्रॅम स्टेनिंग, म्हणजे जंतू रंगवून ओळखायची पद्धत, करून घेतलं. स्लाइडवर जांभळा रंग, मग आयोडीन, मग अल्कोहोलनं धुवायचं (इथं एक सेकंद जास्त झाला की काम बिघडलं), शेवटी लाल रंग. तेलाचा थेंब टाकून शंभरच्या भिंगातून पाहिलं तर दह्यातले जंतू, माळेसारखे, जांभळे. आमच्या घरचं दही होतं ते! घरी जाऊन आईला सांगितलं, तिनं दह्याचं भांडं लांब सरकवलं.
सीईटी परत दिलीच नाही. आज २२ वर्षं मायक्रोबायोलॉजीत आहे. कॉलेज मी निवडलं नव्हतं, पण राहायचं मी ठरवलं.

शुभदा_क
बेदाणा, वाचून डोळे भरून आले. आमच्याकडे सोन्याच्या बांगड्या होत्या, म्हशीच्या जागी. बाकी रात्री लिहिते, कुकर झाला.

मडगावची
गोव्याची एक गंमत सांगते. माझी आई पणजीच्या धेंपे कॉलेजची. पणजी कधी सोडली नाही, पण पदवी मुंबई विद्यापीठाची, कारण गोवा विद्यापीठ झालं १९८५ ला. मी मडगावात चौगुलेला गेले आणि माझ्या पदवीवर गोवा विद्यापीठ. आजीला वाटायचं आई जास्त शिकली, मुंबईची पदवी म्हणून. आई हसायची, पण फ्रेम मात्र तिचीच भिंतीवर होती.

नागसेनवन
@मडगावची आमच्या मराठवाड्यातही तेच. आजोबा औरंगाबादला मिलिंद महाविद्यालयात इंटर सायन्सला होते. तेव्हा मराठवाडा विद्यापीठ नव्हतं, ते १९५८ ला आलं. त्यांची परीक्षा हैदराबादच्या उस्मानियाची.
कॉलेज निवडायचा प्रश्न आमच्या घरात कधी आलाच नाही. बाबासाहेबांनी १९५० साली काढलेलं कॉलेज, म्हणून आजोबा तिथं, वडील तिथं, आत्या तिथं. आजोबा जालन्याहून एक वळकटी आणि पितळी तांब्या घेऊन आले होते. तांब्या अजून आहे. वडिलांना एकदा विचारलं, दुसरीकडे जावंसं वाटलं नाही का? म्हणाले, "आमच्यासाठी जे बांधलं, तिथं आम्ही नाही जायचं तर कुणी?" यावर मला आजही काही बोलता येत नाही.

तापीकाठ
@नागसेनवन 🙏

पाषाण
आयसरबद्दल विचारलंय म्हणून. धाकटा भाऊ पुण्याच्या आयसरच्या अगदी सुरुवातीच्या तुकड्यांतला. संस्था सुरू झाली २००६ ला, तेव्हा धड स्वतःची इमारत नव्हती, तात्पुरत्या जागेत वर्ग. विचारायला एकही माजी विद्यार्थी नाही. नातेवाईक म्हणायचे, आयआयटीतलं 'टी' छापायचं राहिलं का? बाबा रोज नवीन माणसाला पहिल्यापासून समजावायचे, पाच वर्षांचा कोर्स, बीएस-एमएस, शेवटचं वर्ष संशोधन.
भावाला केंद्र सरकारची इन्स्पायर शिष्यवृत्ती होती. बोर्डातल्या वरच्या १ टक्क्याला मिळायची, वर्षाला ८० हजार, त्यातले २० उन्हाळ्यातल्या प्रकल्पासाठी. त्यामुळे घरावर भार आला नाही.
पण खरं सांगते, तिसऱ्या सेमिस्टरला तो खूप खचला होता. सगळेच आपापल्या गावचे पहिले. रात्री अकराला फोन करून नुसता गप्प राहायचा. भाची जाणार असेल तर पहिलं वर्ष रोज फोन करा. काय शिकवलं ते विचारू नका, जेवलीस का तेवढं विचारा.

बेदाणा
@पाषाण हे लिहून ठेवलं. खरंच.

एक_पालक
मुंबईत राहून तसंच शिकायचं असेल तर कालिन्याला सीबीएस (मूलभूत विज्ञानाचं केंद्र) आहे ना? मुंबई विद्यापीठ आणि अणुऊर्जा विभाग मिळून चालवतात. भुवनेश्वरचं नायसर (तशीच विज्ञान संस्था) आणि हे, दोन्हींना नेस्ट ही प्रवेश परीक्षा. मुलगा देतोय. कुणी शिकलंय का तिथं? वसतिगृह कसं आहे? मेस?

पोळीभाजी
मेसचं उत्तर सगळीकडे एकच, बटाटा.

साधा_माणूस
नारळीकर सरसुद्धा बनारसला बी.एस्सी. झाले, १९५७. लांब पाठवायला घाबरू नये.

तापीकाठ
@साधा_माणूस ते लांब गेले नव्हते हो, घरच तिथं होतं. वडील बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे विभागप्रमुख. लांब गेले ते नंतर, केंब्रिजला.

साधा_माणूस
बरोबर, चूक झाली. पण वडिलांच्याच विभागाच्या छायेत शिकणं, तेही सोपं नसणार.

रेतीबंदर
माझा अनुभव कडू आहे, तरी लिहितो. कॉलेजचं नाव घेत नाही. माहितीपत्रकात टीवायला इलेक्ट्रॉनिक्स स्पेशल (मुख्य विषय) छापलं होतं, तेवढ्यासाठी मी गाव सोडून आलो. पुण्याच्या पॅटर्नमध्ये तेव्हा एफवायला चार विषय, एसवायला तीन, टीवायला एक. टीवायच्या जूनमध्ये कार्यालयाच्या खिडकीवर कळलं की मुलं कमी म्हणून यंदा इलेक्ट्रॉनिक्स नाही, केमिस्ट्री घ्या. दोन वर्षं ज्याच्यासाठी काढली ते एका वाक्यात गेलं. वडील सोबत होते. ते खिडकीतल्या माणसाला "बरं साहेब" म्हणाले, त्याचा मला फार राग आला होता. आता येत नाही.
म्हणून सांगतो, प्रवेशाआधी सध्या टीवायला असलेल्या मुलांना गाठा. यंदा कुठले स्पेशल खरोखर चालू आहेत, लॅबमधले ऑसिलोस्कोप चालतात का, प्रॅक्टिकलला एका टेबलावर किती जण, हे विचारा. चहा पाजा, सगळं खरं सांगतात.

शुभदा_क
आले. @रेतीबंदर वाईट वाटलं वाचून. आणि आता तर मेजर-मायनर (मुख्य विषय आणि जोडविषय) आलंय, तीन वर्षांवर पदवी, चौथं वर्ष केलं तर ऑनर्स. लेकीला विचारलं मायनर काय घेतलंस, तर म्हणाली "आई, पोर्टल उघडलं की सांगते." चौथं वर्ष आपल्याच कॉलेजात आहे का, तेही विचारून घ्या.
माझं बांगड्यांचं उद्या. आज पाहुणे आलेत.

माटुंगाकर
बेदाणा, विलिंग्डन आणि फर्ग्युसन दोन्ही डेक्कन एज्युकेशन सोसायटीचीच ना? एक १८८५ चं, एक १९१९ चं. म्हणजे धाकट्या बहिणीकडे राहिलात.

बेदाणा
@माटुंगाकर हो की! हे अण्णांना सांगायला हवं होतं, खूश झाले असते.
@रेतीबंदर तुमची यादी भाचीला जशीच्या तशी पाठवली. शनिवारी दोघी पुण्याला निघालोय, चहाचे पैसे मी देणार.

मडगावची
पण त्या म्हशीचं काय झालं? सकाळपासून तेच डोक्यात आहे.

बेदाणा
@मडगावची राहिली ती. तीन वर्षं तिच्याच दुधाचा चहा पिऊन मी पहाटेची एसटी पकडली. १९९७ ला एम.एस्सी.ला कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात नंबर लागला, तेव्हा विकली. मला सांगितलं होतं, आटली म्हणून विकली. काल आईला पेन्सिलीचा हिशोब दाखवला तर म्हणाली, "आटली कुठली, दोन्ही वेळचं मिळून आठ लिटर देत होती." तिची रेडी मात्र आईनं ठेवून घेतली होती.