‘अनलिमिटेड’ घेतलं आणि २३ तारखेलाच संपलं!

धायरीकर:
मंडळी, डोकं फिरलंय म्हणून लिहितोय. घरी १०० एमबीपीएसचं ‘अनलिमिटेड’ कनेक्शन आहे. बिल दर महिन्याला वेळेवर, वर १८ टक्के जीएसटी. २३ तारखेला रात्री मॅच बघत होतो, चित्र एकदम पुसट झालं आणि मग ते गोल फिरणारं चाक. राउटर बंद-चालू केला, पिना काढून परत लावल्या, पोराला उगाच ओरडलो. सकाळी मेसेज बघितला: ३३०० जीबी संपले, आता महिनाअखेरपर्यंत २ एमबीपीएस. कॉल सेंटरवाला म्हणतो, टॉप-अप मारा, नाहीतर महिन्याला ४०० रुपये जास्त भरून ‘खरंखुरं अनलिमिटेड’ घ्या. मग आत्तापर्यंत विकलं ते काय होतं? अमर्यादित थाळी म्हणून बसवायचं आणि सातव्या पोळीला वाढप्याने सांगायचं, आता पाव-पाव पोळी मिळेल, तीही अर्ध्या तासाने!

हिशेबनीस:
३३०० भागिले ३०, म्हणजे रोज ११० जीबी. फोर-के लावून बसलात तरी तासाला साधारण ७ जीबी जातात. रोज पंधरा तास टीव्ही? आमच्याकडे चार माणसं, दोघांचं घरून काम, महिन्याला ४०० जीबीच्या वर कधी गेलो नाही. जो जास्त वापरतो त्याने जास्त भरावं, यात चुकलं काय? वीजबिलात १०० युनिटच्या पुढे दर चढतोच की. तुमचा भार आम्ही का उचलायचा?

धायरीकर:
पंधरा तास टीव्ही बघायला मी काय रिकामा आहे? शेजारच्या बिल्डिंगमध्ये चोरी झाली म्हणून दोन महिन्यांपूर्वी चार कॅमेरे लावलेत, क्लाउडवाले, म्हणजे रेकॉर्डिंग इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरवर जातं. बाकी नेहमीचंच.

वायरवाला:
सापडला चोर. बारा वर्षं याच धंद्यात आहे, सांगतो. एक कॅमेरा सतत २ एमबीपीएसने वर पाठवत असेल तर दिवसाला २१.६ जीबी. चार कॅमेरे, तीस दिवस: २५९२ जीबी. अपलोडही कोट्यात धरतात, हे बहुतेकांच्या गावीच नसतं. कॅमेऱ्यात मेमरी कार्ड टाका आणि हालचाल झाली तरच क्लिप वर जाईल असं सेटिंग करा.

पण हिशेबनीस, विजेचं उदाहरण पटलं नाही. युनिटमागे कुठेतरी कोळसा जळतो. जीबीमागे काय जळतं? फायबरच्या एका पोर्टवर, म्हणजे कंपनीच्या यंत्रातल्या एका जोडणीवर, खाली यायला साधारण २.५ जीबीपीएस असतात आणि ते ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात. ६४ घरं एकदम तुटून पडली तर वाट्याला ३९ एमबीपीएस. ही कोंडी होते रात्री नऊ ते अकरा. पहाटे तीनला यांच्या कॅमेऱ्याने जिना वर पाठवला तर कुणाचं काय अडलं? कोटा मात्र पहाटेचा आणि रात्रीचा जीबी एकाच मापाने मोजतो. गर्दी आवरायला ठेवलाय म्हणतात, आणि गर्दीची वेळ काही बघत नाही. अर्थात कोटा पूर्ण काढा असंही मी म्हणणार नाही. एका घरगुती कनेक्शनवर अख्खं पीजी चालवणारे कर्वेनगरात डोळ्यांनी पाहिलेत.

पीजीवाली काकू:
सगळ्यांना एका माळेत ओवू नका हो दादा. मी व्यावसायिक कनेक्शन घेतलंय, दुप्पट पैसे भरते. तरी रस्ता खोदला की आधी आमचीच वायर तुटते!

पेठेतला:
प्लॅन घेताना वाचला होता का? मर्यादा किती आणि ती संपल्यावर स्पीड किती, हे ग्राहकाला सांगायचं असं ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, २०१६ मध्येच कंपन्यांना बजावलंय. ते कुठेतरी लिहिलेलं असणारच. न वाचता सही करायची आणि मग बोंब मारायची.

धायरीकर:
लिहिलं होतं. ‘अनलिमिटेड’ हाताच्या पंजाएवढं आणि मर्यादा मुंगीएवढी.

पेठेतला:
चष्मा लावायचा.

हिशेबनीस:
गर्दीच्या वेळेचा मुद्दा मान्य, वायरवाले. तरी ४०० रुपये जास्त घेण्यात मला गैर वाटत नाही. फक्त मग पहिल्या प्लॅनला ‘३३०० जीबी’ असंच नाव द्या. आणि धायरीकर, इतकाच राग आहे तर कंपनी बदला.

धायरीकर:
कशी बदलू? सोसायटीत एकाच कंपनीला वायर टाकायची परवानगी आहे. कमिटीला विचारलं तर म्हणतात, डक्टमध्ये जागा नाही. त्याच डक्टमध्ये सेक्रेटरींच्या डिशची वायर चालते. स्पर्धाच नाही तर ४०० काय, उद्या ८०० मागतील.

असो, वायरवाल्यांनी सांगितलं तसं आज चारही कॅमेऱ्यांचं सेटिंग बघितलं. एकाचं तोंड जिन्यातल्या ट्यूबलाइटकडे वळलेलं. महिन्याला ६४८ जीबी, नुसती ट्यूबलाइट.