जुन्या 407 चं इंजिन मिसिंग करतंय, आंबा सुरू व्हायच्या आत मार्ग हवा

मंडळी, नमस्कार.

गाडी टाटा 407, 2008 चं मॉडेल, 497 एसपी इंजिन, टर्बो नाही, लाइन पंप (चारही सिलिंडरना दाबाने डिझेल देणारा). मी तिचा तिसरा मालक. दीड वर्षापूर्वी घेतली तेव्हा मीटर 3,86,214 वर थांबलेला आणि केबल तुटलेली. खरं रनिंग किती ते देव जाणे, पण क्लचच्या पेडलची झीज बघता साडेचार-पाच लाख झालेलं असणार. या वयाच्या गाडीकडून नव्या इंजिनाची अपेक्षा नाही. गाडी गुणाची आहे, आजवर रस्त्यात कधी सोडलं नाही. म्हणूनच नीट समजून घेतल्याशिवाय इंजिनाला हात लावायचा नाही असं ठरवलंय.

मी साखरप्याचा. पावसाळा सरला की बांधकामाचे चिरे वाहतो आणि मार्च ते मे रत्नागिरीकडचा आंबा कोल्हापूरला. म्हणजे भरलेली गाडी घेऊन आंबा घाट चढायचा, तोही रात्रीचा. पेटी सकाळच्या सौद्याला पोचली नाही तर बागायतदाराचा भाव जातो आणि पुढच्या खेपेला तो दुसरी गाडी लावतो. आता फेब्रुवारी उजाडलाय. हातात फार तर पाच आठवडे आहेत.

तक्रार अशी. सकाळी थंड गाडीला चार-पाच वेळा सेल्फ मारावा लागतो. सुरू झाली की पांढरा धूर, डोळ्यांना झोंबणारा, कच्च्या डिझेलच्या वासाचा. आयडलिंगला केबिन इतकी हलते की आरशात मागचं काही दिसत नाही, नुसती थरथर. कान देऊन ऐकलं तर ठेका मोडलेला कळतो: तीन ठोके भरीव आणि एक पोकळ. दहा-पंधरा मिनिटांत धूर जातो, थरथर कमी होते, पण तो पोकळ ठोका पूर्ण जात नाही. रेस दिली की आवाज सरळ.

दुसरी गोष्ट घाटातली. पायथ्याला ठीक असते, गायमुखाच्या अलीकडे चढ लागला की मध्येच दम सोडते. पाय तळाला टेकलेला, गाडी मात्र कोणीतरी मागून धरल्यासारखी. गिअर उतरवून थोडी सपाटी मिळाली की पुन्हा उचलते. अॅव्हरेज नऊवरून साडेसातला आलंय.

एक निरीक्षण मुद्दाम लिहितो, कारण फिटर लोकांना सांगितलं तर कोणी मनावर घेत नाही. टाकी भरलेली असली की घाटातला त्रास जवळजवळ नसतो. अर्ध्याच्या खाली गेली की सुरू होतो. मी हे चार खेपांना वहीत लिहून ठेवलंय.

आतापर्यंत केलेलं: दोन्ही डिझेल फिल्टर, एअर फिल्टर आणि ऑइल नवीन. टॅपेट (व्हॉल्व्हवरचं अंतर) थंड इंजिनावर फिलर गेज लावून सेट केले. डिझेल फवारणारे चारही नोझल उतरवून पंपवाल्याकडे नेले, दोन बदलले, दोन त्याने टेस्ट करून चांगले म्हणून परत दिले. फरक अगदी उन्नीस-बीस.

मग घरीच आयडलिंगवर एकेका नोझलचा पाइप अर्धा आटा ढिला करून बघितला. 1, 2 आणि 4 ला ढिला केला की इंजिन लगेच बसतं, आवाज बदलतो. 3 नंबरला ढिला केला तरी जेमतेम फरक. म्हणजे आजारी घर (सिलिंडर) तिसरं. नंतर 2 चा नोझल 3 ला आणि 3 चा 2 ला टाकून बघितला. आजार नोझलबरोबर गेला नाही, तिसऱ्याच घरात राहिला.

ऑइल हजार किलोमीटरला अर्धा लिटर लागतं. ऑइलचं झाकण चालू इंजिनावर उलटं ठेवलं तर हलतं, उडत नाही, म्हणजे खालून हवेचा जोर फार नाही. रेडिएटरमध्ये बुडबुडे नाहीत, पाणी कमी होत नाही.

दोन मिस्त्रींना दाखवलं. पहिल्याने पाच मिनिटं ऐकून सांगितलं, बॅक कम्प्रेशन आहे (रिंगांमधून दाब खाली निसटतोय), फुल इंजिन करा, लायनर-पिस्टन-रिंग सगळं. दुसरा म्हणाला, इंजिनाला काही झालं नाही, पंप उघडा. दोघांपैकी कोणीही गेज लावून मोजलं नाही. दोन्ही कामं एकदम करायची माझी ऐपत नाही आणि चुकीचं काम आधी केलं तर योग्य कामाला पैसे उरणार नाहीत.

माझं विचारणं एवढंच: आता पुढे कुठे बघू, आणि कोणत्या क्रमाने? ज्यांनी स्वतः हाताने हे काम केलंय त्यांनी कृपया वेळ काढून लिहा.

प्रतिसाद

दादा, मी बावीस वर्षं पंप-नोझलच्या बेंचवर काढली. तुम्ही लिहिलंय तसं लिहून कोणी गाडी आणली असती तर आमचं निम्मं काम तिथेच झालं असतं. आधी मनातून एक काढा की हा एकच आजार आहे. माझ्या मते दोन आहेत, आणि एकाचा धूर दुसऱ्याच्या नावावर जातोय.

टाकी अर्ध्याखाली गेली की त्रास, ही तुमची वही खरी आहे. गाडी एअर घेते. टाकी भरलेली असताना डिझेल स्वतःच्या वजनानं फीड पंपाकडे (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपाकडे) येतं. पातळी खाली गेली आणि गाडी चढाला लागली की फीड पंपाला जास्त ओढावं लागतं, आणि ओढणाऱ्या बाजूला बारीक चीर असेल तर डिझेलच्या आधी हवा आत येते. अशा चिरेतून डिझेल बाहेर गळत नाही, म्हणून खाली थेंब दिसत नाही आणि सगळे फसतात. सकाळी उशिरा सुरू होणं त्यातलंच, रात्रभरात लाइन रिकामी होते. करायचं काय, तर फीड पंपाच्या अलीकडे हातभर पारदर्शक पाइप जोडा, टाकी अर्ध्याच्या खाली असताना गाडी चालू ठेवा आणि बघा. बुडबुडे दिसले की टाकीपासून तिथपर्यंतचा प्रत्येक जोड तपासा. क्लिपाखालचं रबर आणि बँजो बोल्टाचे (पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टाचे) तांब्याचे वायसर आधी. जुना वायसर पुन्हा वापरू नका, तो एकदा दबला की दबला.

आता तिसरं घर. नोझल बदलून आजार जागचा हलला नाही, म्हणजे नोझल सुटला. उरलं काय, तर तिसऱ्याला पंपातून डिझेल कमी येणं, तिथलं कम्प्रेशन कमी असणं, किंवा नोझल नीट न बसणं. यातलं शेवटचं कोणी बघत नाही आणि फुकटात बघता येतं. नोझल वर येतो तेव्हा त्याच्या तळाचा तांब्याचा वायसर पुष्कळदा भोकातच चिकटून राहतो. काळा पडलेला असतो, टॉर्च मारल्याशिवाय दिसत नाही. फिटर नवीन वायसर घालून नोझल वरून बसवतो. दोन वायसर झाले की नोझलचं तोंड तेवढं वर राहतं, फवारा पिस्टनच्या वाटीत पडायचा तो भलतीकडे आदळतो. थंड इंजिनात ते डिझेल जळतच नाही, तोच तुमचा झोंबणारा पांढरा धूर. तुम्ही नोझल कितीही अदलाबदल केलेत तरी वायसर भोकातच राहणार, म्हणून आजार त्याच घरात राहतो.

नोझल बाहेर असतानाच त्या भोकातून चारही घरांचं कम्प्रेशन मोजून घ्या. आकडा किती यापेक्षा चारही आकडे एकमेकांच्या किती जवळ आहेत ते महत्त्वाचं. गाडीची बॅटरी पूर्ण चार्ज हवी, नाहीतर चौथ्या घरापर्यंत सेल्फ मंदावतो आणि आकडा उगाच कमी दिसतो. ते सरळ आले तर चारही पाइप नोझलच्या बाजूने मोकळे करून खाली सारख्या बाटल्या लावा, सेल्फ मारा आणि डिझेल सारखं येतंय का बघा. तिसऱ्याची बाटली मागे राहिली तरच पंप उघडायचा.

एक हात जोडून सांगणं. पाइप ढिला करताना बोट जवळ नेऊ नका, डोळ्यांना चष्मा लावा. त्या दाबाचं डिझेल कातडीतून आत घुसतं. वर टाचणी टोचल्याएवढं दिसतं आणि आत हात सडतो. आमच्याबरोबरच्या एका पोराचं बोट काढावं लागलंय. चुकून लागलंच तर जखम किती लहान आहे ते बघत बसू नका, तडक दवाखाना.

प्रतिसाद

वरच्या काकांशी सहमत. फक्त एक जोडतो: इंजिनाचे फाउंडेशन रबर (ज्यांवर इंजिन चेसिसला टेकतं ते) बघितलेत का? इतक्या रनिंगला ते दबून बसलेले असतात. मिसिंग थोडं असलं तरी केबिन दुप्पट हलते.

धागा काढणाऱ्याकडून, बारा दिवसांनी

काका, आणि फाउंडेशन सुचवणारे भाऊ, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. क्रमाने लिहितो, पुढे कोणाला तरी उपयोग होईल.

पारदर्शक पाइप लावला. टाकी भरलेली असताना डिझेल स्वच्छ. पाव टाकी ठेवून अंगणाच्या उतारावर गाडीचं नाक वर करून उभी केली आणि दोन मिनिटांत मण्यांच्या माळेसारखे बुडबुडे सुरू झाले. चेसिसला जिथे रबरी पाइपाची क्लिप आहे, तिथे क्लिपाखाली रबर चिरलेलं होतं. वरून अगदी धड, वाकवलं तेव्हा चीर तोंड उघडायची. पाइप नवा, बँजोचे वायसर नवे, एअर काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या सेल्फला गाडी सुरू झाली.

पोकळ ठोका मात्र तसाच होता. म्हणून तिसरा नोझल काढला. टॉर्च मारून बघितलं तर तळाला नुसतं काळं. तारेचा आकडा करून हळूच फिरवला, आधी काजळी सुटली, मग एक वायसर वर आला. आनंदाने उठणार तोच पुन्हा बघितलं, तर खाली अजून एक, कागदासारखा चपटा झालेला. म्हणजे नव्या वायसरखाली जुने दोन होते. ते माझ्या आधीपासूनचे की माझ्या काळातले, सांगता येत नाही. भोकाच्या तळाशी ग्रीस लावलेल्या चिंधीचा बोळा बसवून बैठक साफ केली, बोळा काढून काजळी आत पडली नाही याची खात्री केली, सेल्फ मारून फुंकून घेतलं.

त्याच वेळी एका ओळखीच्या फिटरकडून गेज आणून कम्प्रेशन मोजलं. 26, 25, 23 आणि 26 किलो आलं. तिसरं थोडं मागे आहे, पण ज्यासाठी फुल इंजिन करायला निघालो होतो ते हे नव्हे. मग सगळीकडे एकेकच नवा वायसर घालून नोझल बसवले. गाडी सुरू केली. चारही ठोके भरीव. आमच्या आईने स्वयंपाकघरातून विचारलं, गाडी कोणाची आली म्हणून.

फाउंडेशनचं पुढचं डावं रबर पूर्ण बसलेलं निघालं, पुढची दोन्ही बदलली. आरशात आता मागच्या गाडीचा नंबर वाचता येतो.

परवा चिरे भरून घाट चढलो, टाकी मुद्दाम अर्ध्याखाली ठेवून. गायमुखाशी थांबलो नाही, दम सोडला नाही. थंडीत अजून मिनिटभर पांढरट धूर असतो, तो मला मान्य आहे.

काका, आता एकच विचारतो. तिसऱ्या घरातला तो 23 चा आकडा बघून हेड (इंजिनाचा वरचा भाग) उतरवून व्हॉल्व्ह ग्राइंडिंग, म्हणजे व्हॉल्व्ह बैठकीत घासून बसवणं, आत्ताच करून घेऊ, की आंब्याचा हंगाम काढून जूनमध्ये गाडी उभी राहील तेव्हा? ऑइल अजूनही हजाराला अर्धा लिटरच लागतंय.

प्रतिसाद

जूनमध्ये. पण टॅपेट हंगामाच्या मध्यावर एकदा पुन्हा मोजा, विशेषतः तिसऱ्याचा एक्झॉस्ट (धूर बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह). ते अंतर कमी कमी होत चाललेलं दिसलं तर व्हॉल्व्ह बैठकीत रुततोय, मग जूनची वाट बघू नका. नाहीतर बिनधास्त आंबा वाहा. आणि कम्प्रेशनचे चारही आकडे तारखेसकट तुमच्या त्या वहीत लिहून ठेवा, जूनमध्ये पुन्हा मोजलेत की तुलना करायला लागतील.