किम युन-शिन : अर्जेंटिनाचं लाकूड, चेनसॉ आणि साठ वर्षांचं काम

प्रश्न : मातीचा_गोळा

नमस्कार. शिल्पकलेच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आशियातल्या आधुनिक शिल्पावर निबंध लिहायचाय, माझ्या वाट्याला कोरिया आलाय. वर्गात कोरिया म्हटलं की सगळे ली उफान या प्रसिद्ध कोरियन कलाकाराकडे धावतात. मला लाकडात काम करणारं कुणीतरी हवं होतं, त्यातून किम युन-शिन हे नाव सापडलं. पण जिकडे बघावं तिकडे एकच गोष्ट : ८८व्या वर्षी जगाला सापडलेली आजी, हातात चेनसॉ (साखळीवरच्या दातांनी कापणारी यंत्रकरवत). त्याआधी त्यांनी काय केलं? कोरिया सोडून अर्जेंटिनाला का गेल्या? आणि इतक्या शिल्पांना एकच नाव कसं? कुणी त्यांचं काम प्रत्यक्ष पाहिलंय का?

उत्तर : वखारवाली

मी पाहिलंय. २०२३ मध्ये सोल कला संग्रहालयाच्या दक्षिण शाखेत त्यांचं मोठं प्रदर्शन झालं होतं. ही शाखा बेल्जियमच्या जुन्या वाणिज्य दूतावासाच्या इमारतीत आहे. मी सुवॉनला राहते, तिथून सोल जवळ. माझ्या वडिलांची लाकडाची वखार होती, त्यामुळे कुठलंही लाकूड समोर आलं की माझी नजर आधी सालीवर आणि गाभ्यावर जाते, आकार नंतर दिसतो. किमबाईंच्या बाबतीत हा क्रम बरोबर ठरतो असं मला वाटतं.

आधी ते ‘८८व्या वर्षी सापडल्या’ प्रकरण. हे वाचलं की मला खरंच वाईट वाटतं. कुणाला सापडल्या? १९३५ चा जन्म, वोनसानचा. ते गाव आज उत्तर कोरियात आहे. कोरियन युद्ध संपून काही वर्षंच झाली होती तेव्हा, १९५९ मध्ये, त्या सोलच्या होंगिक विद्यापीठातून शिल्पकला शिकून बाहेर पडल्या. १९६४ ला पॅरिसच्या एकोल दे बोझार या कलाशाळेत गेल्या, तिथं शिल्प आणि शिळामुद्रण दोन्ही शिकल्या, १९६९ ला परतल्या. १९७३ मध्ये साओ पाउलोच्या बिएनालेत, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात, त्यांचं काम होतं. १९७४ मध्ये कोरियातल्या स्त्री शिल्पकारांची संघटना उभी राहिली, त्यातही त्या होत्या. शिवाय सोलच्या सांगम्युंग महिला विद्यापीठात प्राध्यापक. म्हणजे पन्नाशीच्या आत नाव, नोकरी, शिष्य, सगळं होतं.

निबंधात सत्तरच्या दशकाला जागा दे, बहुतेक जण ते गाळतात. ‘रचलेल्या प्रार्थना’ असं काहीसं नाव असलेली त्यांची मालिका त्या काळातली आहे. कोरियात डोंगरवाटांवर, देवळांच्या आसपास लोक दगडावर दगड ठेवतात आणि मनातलं मागणं मागतात. मी इथं आल्यावर पहिल्यांदा ते ढीग पाहिले तेव्हा कुणी पोराटोरांनी रचले असतील असं वाटलं नाही, इतके निगुतीनं रचलेले असतात. किमबाईंनी हे रचणं लाकडात आणलं. जोडणी जुन्या कोरियन घरांची : एका तुकड्याला खाच, दुसऱ्याचं टोक तिच्यात घट्ट, खिळा कुठंही नाही. माणसाची आकृती नाही, चेहरा नाही, पण उभं राहणं आहे, वर जाणं आहे. त्यांचं अमूर्त इथून सुरू होतं, म्हणून पॅरिसच्या प्रभावाबद्दल लिहिताना जरा सांभाळून.

आता अर्जेंटिना. १९८३ च्या अखेरीस त्या तिथं नातेवाइकांकडे गेल्या आणि झाडं बघून थबकल्या. युद्धानंतर कोरियातले डोंगर उघडेबोडके झाले होते, नवी लागवड अजून कोवळी होती. शिल्पाला लागणारा जाड, कठीण बुंधा मिळायची मारामार. आणि ब्यूनस आयर्सला तर हवं तेवढं लाकूड. १९८४ मध्ये त्या तिथंच राहिल्या. प्राध्यापकी सुटली. वय ४९. पुढची चाळीसेक वर्षं तिथं गेली.

लाकडाच्या मोहात माणूस देश सोडतो हे लोकांना अतिशयोक्त वाटतं. मला वाटत नाही. त्यांनी वापरलेली झाडं बघ. आल्गारोबो, म्हणजे आपल्या शमीचा आणि वेड्या बाभळीचा सख्खा भाऊबंद, एकाच कुळातला. वेडी बाभूळ तोडलेल्या माणसाला विचार करवतीचे दात कसे जातात ते. केब्राचो तर पाण्यात टाकला की तळाला जातो, त्याचे रेल्वेचे स्लीपर व्हायचे. पालो सांतो तेलकट, हिरवट, सुगंधी. असल्या ओंडक्यांवर पटाशी घेऊन बसलं तर एका शिल्पाला जन्म जाईल. चेनसॉ त्यांच्या हातात आला तो या लाकडामुळे. फोटोत चांगला दिसतो ही नंतरची गोष्ट.

कागदावर आराखडा काढत नाहीत. ओंडका समोर ठेवून दिवसच्या दिवस बघत राहतात, आणि एकदा ठरलं की थेट कापतात. मी ज्या शिल्पासमोर सगळ्यात जास्त वेळ उभी राहिले ते छातीएवढं असेल. बाहेरच्या अंगाला साल तशीच, काळपट, भेगाळलेली. तिच्यात वरून खाली खोल खाचा, काही आरपार गेलेल्या, पलीकडची भिंत दिसते. कापलेला भाग फिकट, आणि त्यावर साखळीच्या दातांचे ओरखडे एकाला एक लागून. पॉलिश करून ते घालवलेले नाहीत. वखारीत आम्ही साल आधी काढून फेकायचो, ती जळणाला जायची. इथं तीच अर्धं शिल्प झाली आहे : साल नसती तर आतला कापलेला रंग कळलाच नसता.

उत्तर : दगडफोड्या

ताईंनी छान लिहिलंय. एक नाव जोडतो, निबंधात पार्श्वभूमी म्हणून घे : किम चोंग-युंग, १९१५ ते १९८२. कोरियातल्या अमूर्त शिल्पाची सुरुवात सांगताना त्यांच्यापासूनच सांगतात. टोकियोत शिकले, सोल राष्ट्रीय विद्यापीठात तीस वर्षांहून जास्त शिकवलं. कमीत कमी कोरायचं, पदार्थाला त्याच्या जागी राहू द्यायचं, ही त्यांची धारणा. १९१९ च्या स्वातंत्र्य चळवळीचं त्यांनी केलेलं स्मारक १९६३ मध्ये सोलच्या तापगोल उद्यानात लागलं होतं. सत्तरचं दशक संपता संपता ते त्यांना न विचारता हलवलं गेलं. पुढे सोदेमुनच्या उद्यानात पुन्हा उभारलं, पण ते बघायला ते हयात नव्हते. त्यांचं न कोरणं आणि किमबाईंचं थेट कापणं शेजारी ठेवून बघ, मजा येईल.

मातीचा_गोळा

दोघांचेही आभार. ताई, नावाचं राहिलं. आणि अर्जेंटिनात चाळीस वर्षं फक्त लाकूडच?

वखारवाली

नाव : ‘दोन मिळवून एक, दोन भागून एक’ असं काहीसं. सत्तरच्या दशकाच्या शेवटापासून त्या हेच वापरतात. मुळात यिन आणि यांगचा, म्हणजे एकमेकांना पूर्ण करणाऱ्या दोन विरुद्ध तत्त्वांचा, विचार आहे. शिल्पकार आणि लाकूड ही दोन, काम करताना एक होतात. मग कापणं म्हणजे भागणं, आणि भागून जे उरतं ते पुन्हा एक, अखंड. प्रत्येक ओंडक्याशी हेच घडतं म्हणून नाव बदलायची गरज त्यांना वाटली नसावी, असं मी समजते. आपल्याकडे हरिपाठ रोज तोच म्हणतात, त्याला कुणी पुनरावृत्ती म्हणत नाही.

फक्त लाकूड नाही. १९८८ ते १९९१ त्या मेक्सिकोत राहून ऑनिक्स हा पट्टेदार दगड कापायला शिकल्या, पुढे ब्राझीलमध्ये रत्नवर्गातल्या दगडांवर काम केलं. त्या दगडांतही तीच रीत : एक अंग खडबडीत तसंच, दुसरं कापून गुळगुळीत. २००८ मध्ये ब्यूनस आयर्सला स्वतःच्या कामाचं संग्रहालय उघडलं. चित्रं तर भरपूर आहेत. करोनाच्या काळात बाहेर जाता येईना तेव्हा टाकाऊ लाकडाचे तुकडे जोडून त्यांवर भडक रंग चढवले. त्यात कोरियन पट्टेदार कापडाचे रंगही आहेत आणि दक्षिण अमेरिकेतल्या मापुचे लोकांच्या नक्ष्याही. मला हे टप्पे लाकडाइतके भिडले नाहीत. रंगामुळे कापलेली जागा झाकली जाते आणि माझी नजर नेमकी तीच शोधत असते. पण ज्यांना त्यांचं रंगकाम आवडतं असे पुष्कळ आहेत, तू स्वतः बघून ठरव.

२०२३ च्या प्रदर्शनानंतर पुढच्याच जानेवारीत दोन मोठ्या गॅलऱ्यांनी त्यांचं काम हाती घेतलं आणि एप्रिलमध्ये व्हेनिस बिएनालेच्या मुख्य प्रदर्शनात लाकूड आणि दगड दोन्ही गेले. त्या वर्षीचा विषय सगळीकडे परके असलेल्यांचा होता. वोनसान सुटलेल्या, मग सोल सोडलेल्या बाईंना तो किती लागू पडतो बघ. पण यावर दोन ओळींपेक्षा जास्त लिहू नकोस, बाकी सगळे तेवढंच लिहितात.

आणि शिल्पांखाली ‘लाकूड’ एवढंच लिहून सोडू नकोस. आल्गारोबो की केब्राचो, ते लिही. वेडी बाभूळ तुमच्याकडे कुठंही मिळेल. मनगटाएवढी फांदी घे, आठवडाभर वाळव आणि हातकरवतीनं तिरकी काप. चेनसॉला हात लावू नकोस, शिकवणारं कुणी सोबत असल्याशिवाय अजिबात नाही. कापलेल्या तोंडाचा फोटो इथं टाक, त्यावर पुढचं बोलू.