मदत हवी आहे: ‘कुणबीण’चा अर्थ दासी कसा झाला?

पेशवाईतले हिशेब वाचताना ‘कुणबीण’ या शब्दापाशी अडकलोय. कुणब्याची बायको असा सरळ अर्थ घेऊन पुढे गेलो, तर कुणबिणी चक्क विकत घेतल्या जाताहेत! कोठीत, गोठ्यात राबणाऱ्या, अन्नवस्त्रावर ठेवलेल्या बायका. मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी कोशातही हा दासीचा अर्थ आहे.

माझा प्रश्न असा. शेतकरी जातीचं स्त्रीलिंगी नाव गुलाम बाईला का चिकटलं? दुष्काळात विकल्या गेलेल्या बायका बहुतेक शेतकरी घरांतल्या म्हणून? की जात लपवायला मालकांनी सोयीचं नाव दिलं? मला पहिलं जास्त पटतं, पण तो नुसता अंदाज.

दासीसाठीचाच दुसरा शब्द ‘बटीक’. आजी कामाने वैतागली की म्हणायची, ‘मी काय तुमची बटीक आहे?’ तेव्हा हसायचो आम्ही. याची व्युत्पत्ती कुणी सांगेल का? दोन्ही शब्दांत काही फरक होता का, की नुसता प्रांताचा?

इंग्रजांच्या १८४३च्या कायद्याने गुलामीला कायदेशीर आधार उरला नाही. त्यानंतरच्या कागदांत ‘कुणबीण’ दासी या अर्थाने कुणाला दिसली असेल, तर तेही कळवा.